थोरल्यावर, दुपारी दोन ते चार

मुलीला मागणी घालायला आलेल्या तरुणाशी कसं वागावं, याचे काही साधे संकेत आहेत. आधी बसायला सांगावं, मग पाणी द्यावं आणि नोकरीची चौकशी करून हळूहळू त्याचा घाम काढावा. काटेमास्तरांनी यातलं काहीच केलं नाही. दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या भावी जावयाकडे त्यांनी केसांपासून टाचांपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "चपला काढा, वर उभे राहा."

'वर' म्हणजे थोरल्यावर. थोरला हा दुकानातला सगळ्यात मोठा वजनकाटा. त्याच्या लोखंडी फळीवर एक म्हैस, तिचा मालक आणि त्या दोघांचं जुनं भांडण आरामात मावलं असतं. मागच्या खांबावर परातीएवढी तबकडी, आणि तिच्यावर हातभर लांबीची काळी सुई. जावई तेव्हा पाणीखात्यात जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढायचा. जमिनीवरच्या माणसांशी बोलायची त्याला फारशी सवय नव्हती. तो निमूटपणे वर चढला. सुई त्रेसष्टवर गेली आणि तिथे थरथरत राहिली.

मास्तरांनी तबकडीला नाक लावलं. पूर्ण एक मिनिट. जावयाला वाटलं, आता आपल्या बापजाद्यांची वजनंही त्यात दिसणार.

"सुई फार हलतेय," मास्तर म्हणाले. "काही लपवताय?"

"नाही. घाबरलोय."

"मग चालेल. पोतं ठेवलं की सुई बसते ती बसतेच, तसूभर हलत नाही. माणूस उभा केला की श्वासागणिक हलते. आत घेतला की केसभर इकडे, सोडला की केसभर तिकडे. सुई हलते तोवर वर कुणीतरी आहे असं समजायचं."

आतून मास्तरीणबाईंचा आवाज आला, "अहो, त्याला बसू तरी द्या. का किलोवारी घेणार आहात?"

"उतरू दे आधी. शून्य बघतो, मग बसू दे."

असं ते लग्न ठरलं. पुढे चारचौघांत जावई म्हणायचा, की मला पसंत केलं ते सासऱ्यांनी नाही, थोरल्याने. सासऱ्यांनी फक्त निकाल वाचून दाखवला.

मास्तरांचा जन्म ज्या गावातला, तिथे धान्य लाकडी मापाने मोजायचे आणि माणसं आवाजावरून ओळखायचे. वजन ही वस्तू त्या गावात वर्षातून एकदाच यायची, सुगीनंतर, व्यापाऱ्याच्या गाडीतून. नऊ वर्षांचा असताना मास्तर गंमत म्हणून त्या तराजूच्या वजनांच्या पारड्याखाली शिरला आणि वर पाहिलं, तर पारड्याच्या पोटाला मुठीएवढा मेणाचा गोळा चिकटवलेला. त्याने तो काढला आणि बापाला नेऊन दाखवला. बाप शहाणा होता, म्हणजे भित्रा होता. तो म्हणाला, "लाव परत. हा व्यापारी उद्या आला नाही, तर माल काय तुझ्या तोंडात घालू?" मुलाने स्वतःच्या हाताने मेण परत चिकटवलं. ही गोष्ट मास्तरांनी जावयाला लग्नानंतर सात वर्षांनी सांगितली, तीही भिंतीकडे तोंड करून.

सोळाव्या वर्षी गाव सोडून ते पायी शहरात आले आणि एका म्हाताऱ्या काटेदुरुस्तीवाल्याकडे राहिले. त्याला एका डोळ्याने दिसत नव्हतं आणि दुसऱ्याने बघायची इच्छा नव्हती. काट्याची दांडी ज्या पोलादी धारेवर तोलते ती बोथट झाली की नाही, हे तो अंगठ्याने सांगायचा. मास्तरांनी अकरा वर्षं त्याच्याकडे अंगठा शिकून घेतला. मग दहा बाय चौदाचं स्वतःचं दुकान, मागे दोन खोल्या, शेजारच्याच गावची बायको, आणि भंगारातून उचलून आणून चार महिने खपून जिवंत केलेला थोरला. 'वजनकाटे दुरुस्त करून मिळतील' ही पाटी त्यांनी स्वतः रंगवली. शेवटचा शब्द पाटीवर मावला नाही, म्हणून तो भिंतीवर लिहिला.

शहरातला प्रत्येक भाजीवाला, किराणावाला आणि धान्यवाला कधी ना कधी त्या दुकानात येऊन गेला. त्यातल्या काहींना काटा दुरुस्त करून हवा असायचा आणि काहींना जरासा बिघडवून. या दुसऱ्या प्रकारच्या गिऱ्हाइकाला मास्तर ओरडायचे नाहीत. त्याला थोरल्यावर उभं करायचे आणि म्हणायचे, "तुमचं बरोबर वजन बघा एकदा. एवढं मोठं शरीर आणि पाव किलोसाठी आलात." बहुतेक जण हसत उतरायचे. एक जण रागावून तसाच निघून गेला आणि जाताना स्वतःच्या चपला विसरला. त्याही मास्तरांनी वजन करून ठेवल्या होत्या.

सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम ठरलेलं. मास्तर कोरड्या फडक्याने थोरल्याची फळी पुसायचे, दोन पावलं मागे व्हायचे, श्वास रोखून तबकडीकडे बघायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "शून्य." मग आतून, चुलीपाशी असोत की नळापाशी, मास्तरीणबाई म्हणायच्या, "शून्य." हे झाल्याशिवाय दिवस सुरू होत नसे. एकदा त्यांना ताप होता. मास्तर म्हणाले "शून्य", तर आतून कण्हत आवाज आला, "असेल." त्या दिवशी मास्तरांनी अख्खा थोरला उघडला, प्रत्येक धार तपासली आणि दिवेलागणीला परत जोडला.

दुपारी दोन ते चार दुकान अर्धं बंद. शटर गुडघ्याएवढं वर ठेवलेलं. त्या वेळात मास्तरीणबाई बाहेर येऊन थोरल्यावर बसायच्या. खुर्ची त्यांना आवडत नसे. पाय लोंबकळतात आणि आपण कुणाच्या तरी घरी आलोय असं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. फळी जमिनीपासून वीतभर उंच, ऐसपैस, उन्हाळ्यात गार. चपला खाली जोडून काढायच्या, फळीवर मांडी घालायची, मटार सोलायचे. सुई सत्तेचाळीसवर जायची आणि तिथे श्वास घेत राहायची. समोरच्या स्टुलावर बसून मास्तर कानशीने धार घासायचे.

"अगं, तीनशे ग्रॅम वाढलीस."

"मटार धरून बोलताय."

"मटार धरून दीड किलो व्हायला हवेत."

"मग मी कमी झालेय. त्याचं नाही काही वाटत."

गिऱ्हाईक शटरखालून वाकून डोकावलं, की मास्तर म्हणायचे, "उठ जरा." त्या म्हणायच्या, "उठतेय." उठताना फळीवर हात टेकायच्या, तेव्हा सुई एकदम वर जायची आणि मग खाली येत शून्यावर थांबायची. गिऱ्हाईक गेलं की परत बसायच्या. तीस वर्षं हे असंच चाललं.

मग त्या आजारी पडल्या. पोटाचं काहीतरी होतं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, ते घरात कुणी परत उच्चारलं नाही. मास्तरांना आजार समजला तो थोरल्यावरून. चव्वेचाळीस, एक्केचाळीस, सदतीस. डॉक्टर म्हणायचे, फरक पडतोय. मास्तर म्हणायचे, पडतोय खरा. शेवटचं बसणं झालं तेव्हा सुई साडेएकतीसवर होती, आणि इतकी हळू हलत होती की मास्तरांना चष्मा काढून जवळ जावं लागलं. त्यानंतर नऊ दिवसांनी त्या गेल्या.

मुलगी आणि जावई चार तासांवरच्या गावी राहायचे. ते येऊन पंधरा दिवस राहिले, मास्तरांना बरोबर चला म्हणाले, मास्तर नाही म्हणाले, आणि दुकान परत उघडलं. त्यानंतर आठवड्याभराने फोन आला. मुलीने उचलला.

"आई आज पस्तीसवर आली," मास्तर म्हणाले.

"कोण आली?"

"आई. गेल्या सोमवारी साडेएकतीस होती. आता भूक लागत असावी."

मुलीने फोन ठेवला नाही. तिने तो नवऱ्याच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून खाली बसली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जावयाची रवानगी झाली. नकाशे काढणारा माणूस असल्यामुळे कुठे काय गळतंय ते त्याला सापडेल, असं बायकोला वाटलं.

तो पोचला तेव्हा अकरा वाजले होते. दुकान जसंच्या तसं. फळी पुसलेली, सुई शून्यावर, मास्तरांनी दाढी केलेली. जावयाला हायसं वाटलं. म्हाताऱ्याला एकटेपणाने भास होतात, पंधरा दिवस घरी नेलं की ठीक होईल, असा नकाशा त्याने मनात काढूनही टाकला. दोघे जेवले. बरोबर दोनला मास्तरांनी शटर गुडघ्यापर्यंत ओढलं. दुकानात अंधार नव्हता, पण उजेड फक्त जमिनीवर होता, एखाद्या पट्टीसारखा. त्या पट्टीत मास्तरीणबाईंच्या चपला जोडून ठेवलेल्या होत्या.

"या चपला इथे कुणी ठेवल्या?"

"मी. अनवाणी कशी जाईल परत?"

मास्तर स्टुलावर बसले, कानस घेतली. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग थोरल्याची फळी कुरकुरली. भार पडला की ती नेहमी करायची तेवढाच आवाज. सुई वीसच्या आसपास गेली आणि थांबली. जणू एक पाय वर आला आणि दुसरा यायचाय. मग पंचवीस, तीस, किंचित पुढे जाऊन मागे आली आणि छत्तीसवर टेकली.

टेकली, पण थांबली नाही. केसभर इकडे, केसभर तिकडे.

जावयाच्या मानेवर घाम आला आणि तिथेच गार झाला. तो उठला, कारण बसून राहणं जास्त कठीण होतं. त्याने फळीवरून हात फिरवला. हवा होती, थंड नाही की गरम नाही. आडवं होऊन, बॅटरी लावून त्याने खालचे दांडे पाहिले, उंदीर पाहिला, अडकलेला खडा पाहिला, भिंतीचा टेका लागतोय का पाहिलं. काही नव्हतं. शेवटी त्याने कोपऱ्यातलं वीस किलोचं माप दोन्ही हातांनी उचलून फळीच्या मधोमध ठेवलं. सुई छप्पन्नवर गेली. काटा बिघडला नव्हता. तो बरोबर मोजत होता.

"जावईबापू," मास्तर हळू आवाजात म्हणाले, "तिच्या मांडीवर ठेवू नका हो. अशक्त आहे अजून."

जावयाने माप उचललं, जागेवर ठेवलं, हात पुसले. पुढे काय करावं हे त्याला कुठल्याच नकाशात सापडेना. तो फळीकडे बघून म्हणाला, "माफ करा, आई."

बरोबर चारला सुई एकदम त्रेचाळीसपर्यंत उसळली, कुणीतरी हात टेकून उठावं तशी, आणि शून्यावर आली. मास्तरांनी शटर वर ढकललं. बाहेर एक भाजीवाला काटा घेऊन उभाच होता.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "काय निघालं?"

"स्प्रिंग जुनी झालीय."

"खरं सांगा."

जावयाने रिकाम्या फळीकडे पाहिलं. "आज छत्तीस," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी ती स्वतः त्याच्याबरोबर आली. दोन वाजता स्टूल थोरल्यासमोर घेऊन बसली आणि दोन तास आईशी बोलली. आधी रडली, मग घराचं सांगितलं, शेजारणीचं सांगितलं, मग नवऱ्याच्या डोक्यावर टक्कल कसं पडत चाललंय आणि तो ते आरशात न बघता हाताने कसं तपासतो हे सांगितलं. तेव्हा सुई जरा जास्त हलली. जावयाने ते पाहिलं. आपल्यावर कोण हसतंय, हा विचार मनात आल्यावर त्याच्या अंगावर जो काटा आला तो बसमध्येही उतरला नव्हता. बायको मात्र परतीच्या वाटेवर खिडकीला डोकं लावून गाढ झोपली होती.

माणसाला भयाचीही सवय होते, त्याला जरा नेमाने भेटावं लागतं इतकंच. जावई महिन्यातून दोनदा जाऊ लागला. अडतीस. चाळीस. मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते गिऱ्हाइकांना चहा विचारू लागले, हे तर त्यांनी बायको जिवंत असतानाही कधी केलं नव्हतं. सकाळी "शून्य" म्हटल्यावर आतून उत्तर येत नसे, पण आता ते त्याची वाट पाहत नसत. "सकाळी झोपू दे तिला," ते म्हणायचे. "दुपारी येतेच की." दुपारी दोघं म्हातारे समोरासमोर बसायचे. त्यातला एक दिसायचा.

सुई चव्वेचाळीसवर असताना वजनमाप खात्याचं पत्र आलं. दुरुस्तीच्या परवान्याची मुदत संपत होती. साहेब येऊन दुकानातला मोठा काटा तपासणार, रिकामा काटा शून्य दाखवत असेल तर नवं सील, नाहीतर परवाना बंद. तारीख पुढच्या महिन्याची. वेळ, दुपारी तीन.

जावई स्वतः खात्यात जाऊन आला. सकाळची वेळ द्या म्हणाला. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "दुपारी काय अडचण आहे?" याचं उत्तर जावयाकडे होतं, पण ते अर्जात लिहिण्यासारखं नव्हतं.

"त्यांना उठायला सांगा," परत येऊन तो मास्तरांना म्हणाला. "दहा मिनिटांचा प्रश्न आहे. गिऱ्हाईक आलं की उठायच्याच ना त्या?"

मास्तर बराच वेळ कानस फडक्याने पुसत राहिले. "तेव्हा परत बसणार हे माहीत असायचं."

"आता का नाही बसणार?"

"ते मला काय माहीत? आली कशी तेच कुठे माहीत आहे? जे कळत नाही त्याला हात लावू नये, जावईबापू. चालणारा काटा उघडून बघायचा नसतो."

"आणि परवाना गेला तर? दुकान जाईल. दुकान गेलं तर थोरला कुठे ठेवाल? आमच्या जिन्यातून तो चढत नाही. मग आई बसणार कुठे?"

मास्तरांनी कानस खाली ठेवली. जावई आयुष्यात पहिल्यांदाच सासऱ्याशी वाद जिंकला. तो पुढे अनेकदा म्हणाला, की हरलो असतो तर बरं झालं असतं. पण हे तो फक्त बायकोला म्हणायचा.

साहेब बरोबर तीनला आले. बारीक अंगाचा, सतत चष्मा पुसणारा माणूस, हातात सीलच्या सामानाची पेटी. शटर पूर्ण वर होतं. दुकानात भरपूर उजेड होता, आणि त्या उजेडात रिकाम्या थोरल्यावर सुई शेचाळीस किलो आठशे ग्रॅमवर श्वास घेत होती.

साहेबांनी फळीकडे पाहिलं, तबकडीकडे पाहिलं, परत फळीकडे. "वर काय आहे?"

"माझी..." मास्तर म्हणाले.

"वर काही नाही," जावई घाईने म्हणाला.

"मग हे काय आहे?"

मास्तर पुढे झाले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. एरवी जसं म्हणायचे, तसंच, साध्या आवाजात ते म्हणाले, "अगं, उठ जरा. साहेब आलेत."

साहेबांनी चष्मा पुसणं थांबवलं. सुई जागच्या जागी थोडी घुटमळली. मग चोपन्नपर्यंत वर गेली आणि खाली आली. चाळीस, तीस, दहा. शून्य. फळी एकदा कुरकुरली आणि गप्प झाली.

साहेबांनी कोपऱ्यातल्या वीस किलोच्या मापांवरचे शिक्के तपासले. वीस ठेवले, चाळीस ठेवले, साठ ठेवले. थोरल्याने वीस, चाळीस, साठ दाखवले. त्यांनी शून्य जुळवायच्या स्क्रूमधून तार ओवली, शिशाचं सील दाबलं, कागदावर सही केली. चहा उभ्यानेच प्यायले, तोही रस्त्याच्या बाजूने तोंड करून.

"इतका अचूक काटा मी पाहिला नाही," ते म्हणाले. दारात पोचल्यावर वळले. "घरात आणखी कोण असतं?"

"मी एकटाच," मास्तर म्हणाले.

साहेबांचे पाय वाजत कोपऱ्यापर्यंत गेले. जरा भरभरच गेले. मास्तरांनी शटर खाली ओढलं, गुडघ्याएवढं ठेवलं, स्टुलावर बसले. "झालं," ते फळीला म्हणाले. "गेले ते. बस आता."

सुई शून्यावर होती. साडेतीन वाजले. चार वाजले. जावयाची शेवटची गाडी पाचची होती. ती त्याने सोडून दिली.

दुसऱ्या दिवशीही शून्य. आठवड्याने शून्य. महिन्याने शून्य. मास्तरांनी फळी दुसऱ्या फडक्याने पुसून पाहिली, मग मुळीच न पुसता पाहिली. चपला आत नेल्या, परत बाहेर आणल्या. मटारची पाटी फळीवर ठेवली. सुईने पाटीचं एक किलो दोनशे ग्रॅम दाखवलं, एक ग्रॅम जास्त नाही. मुलगी येऊन बसली, बोलली, टकलाचंही परत सांगितलं. सुई हलली नाही. मास्तर आयुष्यभर ज्या शून्यामागे लागले होते ते आता अष्टौप्रहर त्यांच्यासमोर होतं, आणि ते दुपारचे त्याच्याकडे पाठ करून बसू लागले.

"रागावली असेल का?" त्यांनी एकदा जावयाला विचारलं.

"कशाला रागावतील?"

"तीस वर्षं उठ म्हणालो. बस कधीच म्हणालो नव्हतो. स्वतःच बसायची. यावेळी मी 'बस' म्हणालो, तेच चुकलं बहुतेक."

जावयाने खालच्या चपला पुन्हा नीट जोडून ठेवल्या.

तिसऱ्या महिन्यात फोन आला. मास्तरांचा आवाज खणखणीत होता. "सत्तेचाळीस," ते म्हणाले. "पूर्ण सत्तेचाळीस. या बघायला."

बायको सकाळच्या शाळेत शिकवायला गेली होती. तिला चिठ्ठी ठेवून जावई मिळेल त्या गाडीने निघाला. चार तास तो खिडकीतून बाहेर बघून हसत होता. दुकानात शिरला तेव्हा मास्तर थोरल्याशेजारी उभे होते, नवा शर्ट घातलेला. सुई सत्तेचाळीसवर होती.

"आई," जावई म्हणाला.

मग त्याला भिंतीवरचं घड्याळ दिसलं. पावणेबारा.

त्याने परत तबकडीकडे पाहिलं. सुई बरोबर सत्तेचाळीसच्या रेघेवर होती, आणि ती हलत नव्हती. तो जवळ गेला, श्वास रोखून पाहिलं. केसभरही नाही. खाली, फळीच्या बाजूला, खात्याच्या सीलची तार तुटून लोंबत होती आणि स्क्रूच्या डोक्यावर पेचकसाचा ताजा, चकचकीत ओरखडा होता. मास्तरीणबाईंच्या वजनापर्यंत सुई आणायला मास्तरांना त्या स्क्रूचे किती फेरे द्यावे लागले असतील, याचा हिशोब त्याच्या मनात आपोआप सुरू झाला. तो त्याने थांबवला.

मागे मास्तर उभे होते. त्या क्षणी दुकानात जी शांतता होती, ती जावयाला पहिल्या दिवशीच्या कुरकुरीपेक्षा जास्त भयाण वाटली. तेव्हा निदान कुणीतरी आलं होतं.

"बरी दिसतेय ना?" मास्तरांनी विचारलं.

जावयाने तबकडीवरून नजर काढली नाही. "हो," तो म्हणाला. "छान दिसतायत."

"पूर्ण बरी झाली."

"झाल्याच की."

मास्तरांनी चहा केला. दोघे समोरासमोर बसून प्यायले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. घरी येऊन जावयाने बायकोला सांगितलं की आई सत्तेचाळीसवर आहेत आणि आता तिथेच राहतील. तिने एकदाच विचारलं, "सुई हलते?" तो म्हणाला, "मला नीट दिसलं नाही." ती पुन्हा त्या दुकानात गेली नाही.

मास्तर रोज सकाळी फळी पुसत, दोन पावलं मागे होत आणि "सत्तेचाळीस" म्हणत. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक सुई बघायचं आणि आपला काटा पुढे करायचं. मास्तर त्यांचे काटे पूर्वीइतकेच बरोबर दुरुस्त करून देत, फक्त तपासून बघायला आता शेजारच्या किराणावाल्याकडे जात.

आठ महिन्यांनी खात्याचा दुसराच साहेब अचानक तपासणीला आला. तुटलेलं सील बघून त्याने तिथेच पंचनामा केला. परवाना रद्द झाल्याच्या आदेशात कारण एका ओळीत होतं: रिकाम्या स्थितीत सत्तेचाळीस किलो जास्त. मास्तर मुलीकडे राहायला गेले आणि दीड वर्षाने साध्या तापाने गेले. दुकानात आता चष्मे मिळतात. थोरला खात्याच्या गोदामात आहे. तिथलं छप्पर गळतं, म्हणून जुन्या फायली जमिनीवर न ठेवता त्याच्यावर रचल्या आहेत.